बेअर की लेस?

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर हा वाद दर पावसाळ्यात निघतो. बहुमत अर्थातच बेअर ग्रिल्सला. 2006 मध्ये ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ आलं, हिंदी डबिंगमधून घराघरांत पोहोचलं आणि किडे चावून खाणारा हा ब्रिटिश गडी आपल्यातलाच वाटू लागला. 2019 मध्ये तर पंतप्रधानांसोबत जिम कॉर्बेटच्या जंगलात फिरला.

माझं मत लेस स्ट्राउडला. हा कॅनडाचा. ‘सर्व्हायव्हरमॅन’मध्ये कॅमेरामनच नाही, सात दिवस एकटा, शूटिंगही स्वतःच. तो लांबवर चालत जाताना दिसतो ना, त्यानंतर मागे ठेवलेला कॅमेरा आणायला त्यालाच परत यावं लागतं! बराच वेळ तो नुसता बसलेला असतो, भुकेला, वैतागलेला, मध्येच माउथऑर्गन वाजवत. कंटाळवाणं? थोडं आहेच. पण उपाशी माणसानं ताकद जपायची असते.

बेअरच्या मागे अख्खं युनिट. तो काही रात्री हॉटेलात राहिल्याचं 2007 मध्ये उघड झालं, मग कार्यक्रमाआधी खुलाशाची पाटी आली. हॉटेलचं मला काही नाही, मीही गेलो असतो. खटकतं ते त्याचं सतत धावणं, उड्या मारणं.

गेल्या पावसाळ्यात चोर्ल्याच्या जंगलात धुक्यात आमची वाट चुकली. ‘ओढ्याच्या कडेनं खाली उतरू, बेअर तेच करतो,’ म्हणत एकजण निघालाच होता. त्याला सॅक धरून बसवला. दीड तासानं धुकं विरलं. वाट डावीकडे पन्नास पावलांवर होती. ओढा पुढे कुठे जातो तेही दिसलं: सरळ कड्यावरून खाली.