कॅलेंडरमधली लक्ष्मी आणि चाळिशीतली पुष्पमाला

१/ खुलताबादचा घाट उतरून वेरूळच्या एकविसाव्या लेण्यापाशी या. दर्शनी भागातच मकरावर उभी असलेली गंगा भेटते. शतके लोटली, तरी तिचे तारुण्य ढळलेले नाही. ‘आदर्श तरुणी’ घडविण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे. मग ही तरुणी बाजारात केव्हा आली?

२/ १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील शिळाछापांमुळे लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या भिंतींवर आल्या. ज्यांना देवळाची पायरी चढण्यास मज्जाव होता, त्यांच्याही घरी देवी पोहोचली. हे ऋण मोठे आहे.

३/ परंतु त्याच चित्रांनी मालही विकला. ‘शकुंतला जन्म’ हे चित्र वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरवर झळकले. इंद्राने मेनकेचे लावण्य तपोभंगासाठी वापरले, कंपनीने तान्ह्यांच्या औषधासाठी!

४/ शंभर वर्षांनी या साच्याला एका स्त्रीने मिस्कील उत्तर दिले. बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांचे शिक्षण बडोद्यात, तेही शिल्पकलेचे. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्यासह त्यांनी ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही छायाचित्रमालिका केली. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि चांदण्यातील स्त्री त्या स्वतःच झाल्या. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे होते.

५/ याच मालिकेत त्या तोडा जमातीची स्त्री होऊन चौकटीच्या पडद्यापुढे उभ्या राहतात. वसाहतकाळातील मानववंशशास्त्रज्ञ अशाच पडद्यापुढे माणसांची मापे घेत. देवीचे चित्र आणि मोजमापाचे छायाचित्र शेजारी आले की ध्यानात येते: पूजा असो वा मोजणी, स्त्रीने कसे दिसावे हे दुसऱ्यानेच ठरविलेले होते.

६/ ‘ही देवीची थट्टा आहे,’ असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. थट्टा साच्याची आहे. रविवर्म्यांच्या चित्रांत युरोपीय तैलरंगांचे तंत्र आहे आणि रंगभूमीची सजावटही आहे. तरीही आपण ती ‘आपली प्राचीन संस्कृती’ म्हणून पुढे पाठवतो आणि तिच्या मापाने आजच्या मुली मोजतो.

७/ स्थळासाठी काढलेला फोटो आठवा. मागे रंगवलेला पडदा, अंगावर आईची पैठणी, चेहरा संगणकावर उजळलेला. तो फोटो पाहून कुणी ‘मुलगी जरा सावळी आहे’ म्हणते, तेव्हा त्या बोलण्यात ते जुने कॅलेंडरच बोलत असते.

८/ इतिहासप्रेमींनी प्रत्येक सुंदर चित्राला तीन प्रश्न विचारावेत: ते कुणी काढले, कुणी छापले आणि त्यातून काय विकले? चौथा प्रश्न पुष्पमालांचा: चित्रातल्या बाईला कुणी विचारले होते का?