डीजेवर कारवाई होते, मग गावातल्या बेस गिटारवाल्याने किती वॅटचा अ‍ॅम्प घ्यायचा?

गणपती आले की महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास होतात. डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि त्या भिंतींवरून वाद उभा राहतो. कोणी म्हणतं, आपल्या परंपरेत डॉल्बी कुठे होती? कोणी म्हणतं, सण वर्षातून एकदाच येतो. पोलीस मीटर घेऊन फिरतात, काही मंडळांवर गुन्हे दाखल होतात आणि विसर्जन झालं की विषय पुढच्या वर्षीपर्यंत मिटतो.

या सगळ्यात एका माणसाचा विचार कोणी करत नाही. तो म्हणजे पेनड्राइव्ह न लावता हाताने वाजवणारा.

बीड जिल्ह्यातलं लिंबागणेश घ्या. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागणारं हे गाव भालचंद्र गणपतीसाठी ओळखलं जातं. अशा गावातला एखादा पोरगा बँजो पार्टीत किंवा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत असेल, तर त्याचं कमाईचं गणित शहरातल्या वादकापेक्षा वेगळं असतं. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबं कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे सुपाऱ्या येतात त्या गणपती-नवरात्रात आणि मग थेट लग्नसराई-जत्रांच्या दिवसांत. उसनवारी करून घेतलेल्या सामानाचे पैसे याच मोजक्या महिन्यांत फिटले पाहिजेत.

म्हणून “किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ?” हा त्याच्यासाठी शौकाचा प्रश्न नाही. त्याच्या उत्तरात कायदाही येतो आणि थोडं विज्ञानही.

आधी कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. पण अनेकांना हे माहीत नसतं की नियमात फक्त लाउडस्पीकर नाही. वाद्य आणि साउंड अ‍ॅम्प्लिफायर यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे “आमचा डीजे नाही, लाइव्ह पार्टी आहे” असं सांगून सुटका होत नाही. बंद सभागृहाला सवलत आहे. शिवाय राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांची यादी जिल्हा प्रशासन काढतं.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम कडकपणे पाळायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं म्हटलं. धार्मिक स्थळांच्या यंत्रणेतच आवाजाची मर्यादा ठरवून टाकण्याचा विचार करा, असंही सरकारला सुचवलं. मार्च २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत भोंग्यांच्या नियमांची जबाबदारी स्थानिक पोलीस निरीक्षकांवर टाकली. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. उत्सव मोठा होणार आणि आवाजावर नजरही राहणार, असे दोन्ही संदेश एकाच वर्षात आले.

दंडही बदलला आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड अशी तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आणला.

मर्यादा ७५ ची की ६५ ची?

मंडळांच्या बैठकीत “७५ डेसिबलपर्यंत चालतं” असं सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे.

दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५, व्यापारी भागात ६५, औद्योगिक भागात ७५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे वस्तीतल्या मैदानासाठी हिशेब ५५ अधिक १०, म्हणजे ६५ चा.

आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. ६५ मध्ये ढोल-ताशाही बसत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात कारवाई तक्रार किती झाली आणि आवाज किती लांब गेला यावर येऊन थांबते. वाजवणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आवाज मांडवात राहिला पाहिजे, गावभर फिरता कामा नये.

मीटरला बेस कमी ऐकू येतो

हा या प्रकरणातला सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा आहे.

नियमातलं माप डेसिबल ‘ए’ आहे. माणसाचा कान खालच्या सुरांना कमी संवेदनशील असतो, म्हणून हे माप खालच्या सुरांची किंमत कमी धरतं. १००० हर्ट्झच्या आवाजातून मीटर काहीच वजा करत नाही. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा होतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते, तिथे सुमारे ३४ डेसिबल वजा होतात.

म्हणूनच मीटरवरचा आकडा फार मोठा दिसत नाही आणि इकडे घरावरचे पत्रे थरथरत असतात. खालच्या सुराची लाट लांब असते. ४१ हर्ट्झची लाट ८ मीटरहून मोठी. ती भिंतीने, दाराने सहज अडत नाही. म्हातारी माणसं “छातीत धडधडतंय” म्हणतात ते नाटक नसतं. मीटरचं माप त्या धडधडीसाठी बनवलेलंच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कानालाच बेस कमी ऐकू येत असल्यामुळे बेस गिटारला साध्या गिटारपेक्षा जास्त ताकद लागते. इलेक्ट्रिक गिटारवाल्याचं २०-३० वॅटमध्ये भागतं, तिथे बेसवाला १०० च्या पुढे जातो. बेसवाल्याला वॅटचा मोह होतो तो इथेच.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज?

नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. १०० वॅटवरून १०,००० वॅटवर गेलात, तर फरक २० डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण चौपट. पैसे, टेम्पो, जनरेटर आणि हमाली मात्र चौपटीवर थांबत नाहीत.

आता एक हिशेब करू. स्पीकरवर ‘९५ डेसिबल’ अशी क्षमता लिहिलेली असते. म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ९५ डेसिबल. त्याला १०० वॅट दिले की ११५. मोकळ्या जागेत अंतर दहापट झालं की २० डेसिबल कमी होतात. म्हणजे १० मीटरवर ९५ आणि १०० मीटरवर ७५. कागदावरचा हिशेब असला, तरी १०० वॅटचा एक डबासुद्धा काही लहान नाही, हे त्यातून कळतं. गावातल्या छोट्या कार्यक्रमाला याहून मोठं घेण्याची गरज सहसा पडत नाही.

रेकॉर्डिंगला अ‍ॅम्प लागतोच का?

सरळ उत्तर द्यायचं तर नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाऊन कंपनीची गाणी गाजत होती. त्यातला बेस वाजवायचा जेम्स जेमरसन. त्याची बेस गिटार बहुतेक वेळा समोर अ‍ॅम्प न ठेवता थेट रेकॉर्डिंगच्या डेस्कला जोडली जायची. ज्या स्टुडिओंत अ‍ॅम्प वापरला जायचा, तिथे अँपेग कंपनीचा १९६० मध्ये आलेला बी-१५ हा सुरुवातीला जेमतेम २५ वॅटचा डबा लोकप्रिय होता. याच कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा एसव्हीटी आणला, तो रोलिंग स्टोन्ससारख्या बँडच्या मोठमोठ्या मैदानांसाठी. म्हणजे स्टुडिओचा अ‍ॅम्प आणि मैदानाचा अ‍ॅम्प ही वेगळी कामं आहेत, हे तेव्हाच ठरलं होतं.

आज घरी रेकॉर्डिंग करायचं तर एक ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि मोबाइल किंवा लॅपटॉप पुरतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेली जागा हवी. बेस गिटार साध्या मिक्सरच्या लाइनला सरळ जोडली तर आवाज दबका आणि बेजान येतो. इंटरफेस नसेल तर डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी मध्ये घालावी.

आणखी एक गोष्ट रील बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. त्यावर बेस ऐकू येतो तो मूळ सुराच्या वरच्या पटींमुळे. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये नुसता बेस वाढवू नका, मिडल वाढवून बघा. मोबाइलवर तुमची गिटार मग दिसेल तशी ऐकूही येईल.

मग छोट्या कार्यक्रमासाठी घेताना काय बघायचं?

कंपनीच्या नावाआधी या गोष्टी बघा.

• साउंडवाला असतो की नाही? मांडवात मोठा साउंड लागणार असेल, तर तुमचा अ‍ॅम्प फक्त तुम्हाला ऐकू येण्यासाठी असतो. ४०-५० वॅट पुरतात. साउंडवाला नसेल आणि ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्डसोबत वाजवायचं असेल, तर १०० वॅटच्या आसपास जा.

• मागे कॅनन सॉकेट आहे का? तीन पिनांचं लाइन आउट असेल तर साउंडवाल्याची वायर थेट लागते आणि तेच रेकॉर्डिंगलाही चालतं. एका डब्यात दोन कामं होतात ती या सॉकेटमुळे. काही कंपन्या सगळ्यात छोट्या मॉडेलमध्ये ते देत नाहीत, म्हणून दुकानात डबा फिरवून बघा.

• वजन किती? जुन्या पद्धतीचे जड ट्रान्सफॉर्मरचे अ‍ॅम्प दोघांना उचलावे लागतात. क्लास-डी प्रकारचे १०० वॅटचे डबे साधारण १० किलोपर्यंत मिळतात. मोटारसायकलवर मागे बांधून नेता येतो की नाही, हा गावाकडे फार मोठा निकष आहे.

• हेडफोनची जागा आहे का? रात्री ११ ला रियाज करायचा तर शेजाऱ्यांशी भांडण नको.

• तो बेसचाच अ‍ॅम्प आहे ना? साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस जोरात वाजवली तर स्पीकर फाटू शकतो. बेसचा अ‍ॅम्प मिळत नसेल तर कीबोर्डचा चालेल.

विजेचं काय?

दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही, पण खेड्यात निम्मे प्रश्न इथेच येतात. व्होल्टेज खालीवर होतं, कार्यक्रम जनरेटरवर चालतो. अ‍ॅम्पच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर तो अशा विजेवर जास्त तग धरतो. परदेशातून आलेला ११० व्होल्टचा स्वस्त डबा घेऊ नका.

दुसरं, स्पीकरमधून घूं असा आवाज आला की पहिला उपाय म्हणून अर्थिंगची पिन तोडली जाते किंवा दोन पिनांची वायर लावली जाते. असं कधीही करू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्प एका बोर्डवर, माइक दुसऱ्या बोर्डवर आणि अर्थिंग गायब असेल, तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावताच शॉक बसतो. १९७२ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये नावाजलेल्या स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टेजवर असाच अर्थिंग नसलेल्या माइकमुळे गेला. घूं आवाजासाठी डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं. ते दाबा, पिन तोडू नका. आणि स्टेजवरचं सगळं सामान एकाच बोर्डवर घ्या.

या सगळ्याचा डीजेच्या वादाशी संबंध काय?

आपण ज्याला डॉल्बी म्हणतो, त्या भिंतींशी डॉल्बी कंपनीचा संबंध नाही. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये ही कंपनी काढली आणि तिचं पहिलं नाव झालं ते रेकॉर्डिंगच्या टेपवरची नको असलेली खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं.

या भिंतींमुळे गावोगावच्या लाइव्ह पार्ट्यांची कामं गेली. दहा वाजवणाऱ्यांपेक्षा एक टेम्पो मंडळाला सोपा पडतो आणि आवाजही मोठा मिळतो. आता कारवाईची भीती वाढली की मंडळं पर्याय शोधतात. ढोल-लेझीम, बँजो, भजन, छोटा ऑर्केस्ट्रा. ही वाजवणाऱ्यांसाठी संधी आहे, पण तिला एक अट आहे. लाइव्ह पार्टीनेही कर्ज काढून छोटी भिंतच उभी केली, तर मीटर आणि शेजारी दोघांसाठीही तिच्यात आणि डीजेत काही फरक उरणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त राहणं कानाला धोक्याचं आहे. प्रेक्षक तासाभराने घरी जातो. वाजवणारा मात्र अख्ख्या सीझनभर स्पीकरच्या शेजारी उभा असतो. कान गेले तर पुढची सुपारी कोण देणार?

म्हणून लिंबागणेशच्या पोराला सल्ला द्यायचा तर असा. आधी इंटरफेस आणि हेडफोन घे, रेकॉर्डिंग सुरू कर. मग कॅनन सॉकेट असलेला १०० वॅटच्या आतबाहेरचा हलका डबा घे. तो पायाशी ठेवू नकोस, खुर्चीवर किंवा स्टँडवर कानाच्या दिशेला ठेव. कमी आवाजातही स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येईल. आणि उरलेल्या पैशात अर्थिंग असलेला चांगला बोर्ड आणि कानात घालायचे प्लग घे.