‘असं कोणी इथे राहत नाही’

मंडळी, गेल्या वीकेंडला काही लिहिलं नाही, कारण गेला वीकेंड नव्हताच. शुक्रवारी रात्री साडेदहाला जेवणाच्या ताटावरून उठलो, तो शनिवारी पहाटे तीनला लॅपटॉप मिटला. एवढ्या उपद्व्यापाचं मूळ निघालं एका टिकमार्कमध्ये. आज त्या टिकमार्कवरच लिहायचं आहे, कारण सोमवारच्या मीटिंगमध्ये जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

ज्यांचा क्लाउडशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात (बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल). क्लाउडमध्ये प्रत्येक टीमचं आपापलं व्हर्च्युअल नेटवर्क असतं. कुंपण घातलेली सोसायटी समजा. दोन सोसायट्यांमध्ये रस्ता हवा असेल तर पीअरिंग करतात. पण रस्ता झाला म्हणजे पत्ता कळला असं नाही. नावावरून पत्ता सांगायला डीएनएस लागतो, आणि आतल्या नावांसाठी प्रायव्हेट डीएनएस झोन, म्हणजे फक्त आतल्या लोकांना दिसणारं रजिस्टर. अ‍ॅझ्युअरमध्ये हा झोन नुसता बनवून भागत नाही. तो ज्या ज्या नेटवर्कला दिसायला हवा, त्या प्रत्येकाला वेगळी लिंक जोडावी लागते. पीअरिंग केलं म्हणून ही लिंक आपोआप पलीकडे जात नाही.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. गंमत पुढे आहे.

तर झालं असं. आमच्या टीममध्ये नोकरीला लागून आठच महिने झालेली एक मुलगी आहे. शुक्रवारी दुपारी तिनं आमच्या नव्या स्टोरेज अकाउंटसाठी प्रायव्हेट एंडपॉइंट बनवला. पोर्टल विचारतं, प्रायव्हेट डीएनएस झोनशी जोडायचं का? उत्तर आधीच ‘हो’वर ठेवलेलं असतं. तिनं ते तसंच राहू दिलं. नवा झोन तयार झाला, आमच्या नेटवर्कला जोडला गेला, आमचं स्टोरेज खाजगी पत्त्यावर मिळायला लागलं. टेस्ट पास. सगळं हिरवंगार.

रात्री दहाला बिलिंगचा जॉब पडला. त्याला दुसऱ्या एका टीमच्या स्टोरेजमधून फाइल्स उचलायच्या होत्या, आणि तो म्हणत होता, नावच सापडत नाही. अरे, काल तर सापडत होतं! आम्ही फायरवॉल तपासली, नेटवर्कचे नियम तपासले, पीअरिंग काढून पुन्हा जोडलं (हो, तेही केलं). शेवटी दीड वाजता कोणीतरी एनएसलुकअप मारलं आणि ट्यूब पेटली.

त्या दुसऱ्या स्टोरेजलाही प्रायव्हेट एंडपॉइंट होता. एकदा तो लावला की त्या अकाउंटचं नाव ‘प्रायव्हेटलिंक’ असलेल्या दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं. कालपर्यंत आमच्या नेटवर्कला त्या दुसऱ्या नावाचा झोनच जोडलेला नव्हता. त्यामुळे प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे जायचा, सार्वजनिक पत्ता मिळायचा, आणि पलीकडचं सार्वजनिक दार उघडं असल्यामुळे काम निभावून जायचं. आमची लिंक जोडली त्या क्षणापासून त्या नावाखालच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी आमच्या झोनवर आली. आणि आमच्या झोनमध्ये नोंद किती? एक. आमची स्वतःची.

सोसायटीच्या गेटवरचे दोन वॉचमन आठवा. एकाला विचारलं, देशपांडे कुठे राहतात? तो म्हणतो, “मला ठाऊक नाही, ऑफिसात विचारा.” ठीक, आपण पुढे जातो. दुसरा रजिस्टर उघडतो, एका पानावर बोट फिरवतो आणि छातीठोकपणे सांगतो, “असं कोणी इथे राहत नाही.” आपण परत फिरतो. देशपांडे तिसऱ्या मजल्यावर चहा पीत बसलेले असतात.

लिंक जोडणं म्हणजे त्या दुसऱ्या वॉचमनला गेटवर बसवणं. अर्धवट भरलेलं रजिस्टर कोऱ्या गेटपेक्षा जास्त नुकसान करतं. हे एकट्या अ‍ॅझ्युअरचं नाही. अ‍ॅमेझॉनच्या रूट ५३ मध्येही प्रायव्हेट झोन नेटवर्कला जोडला आणि त्यात ती नोंद नसली, तर प्रश्न बाहेर पाठवला जात नाही, ‘असं नाव नाही’ हेच उत्तर येतं. अ‍ॅझ्युअरनं अलीकडे प्रायव्हेटलिंकच्या झोनसाठी ‘नाही सापडलं तर बाहेर विचार’ अशी सोय लिंकवरच दिली आहे. पण ती आपण मुद्दाम चालू करावी लागते.

आता सोमवार. मीटिंगमध्ये अहवाल वाचला गेला. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: ‘मानवी चूक’. माणूस कोण, ते सगळ्यांना माहीत. ती बिचारी खाली मान घालून वहीत काहीतरी गिरवत होती. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे.

आणि मी? मी गप्प बसलो. तिच्या बदलावर ‘अप्रूव्ह’ मीच दाबलं होतं. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं, चाळीस सेकंदांत.

माझं म्हणणं इतकंच आहे की ही तिची चूक नव्हती, ही मालकीची चूक होती. आमच्या कंपनीत त्याच नावाचा मध्यवर्ती झोन आधीपासून होता, सगळ्या नोंदींसकट. आमचं नेटवर्क सहा महिन्यांपूर्वी बनलं तेव्हा ते त्या झोनला कोणीच जोडलं नाही. का? मध्यवर्ती टीम म्हणते, “तुम्ही मागितलं नाहीत.” आम्ही म्हणतो, “तुम्ही द्यायला हवं होतं.” ती लिंक आधीच असती, तर त्याच नावाचा दुसरा झोन आमच्या नेटवर्कला जोडताच आला नसता, अ‍ॅझ्युअरनं तिथेच अडवलं असतं. सहा महिने मोकळी राहिलेली जागा तिनं एका टिकमार्कनं भरली. खड्डा खणला कोणी, आणि पडलं कोण!

डीएनएसचा जन्मच मुळी मालकीच्या प्रश्नातून झाला. त्याआधी इंटरनेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत सांभाळली जायची. जाळं वाढलं तसं ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिचं सार एका ओळीत सांगायचं तर, नावांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याचा अधिकार कोणाचा ते ठरवा. चाळीस वर्षांनी आपण तोच अधिकार पोर्टलवरच्या एका ‘हो’मध्ये वाटून टाकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. सगळं मध्यवर्ती टीमकडे दिलं की एका नोंदीसाठी तिकीट टाका, चार दिवस थांबा, वर तीन आठवणी पाठवा. मीही याला कंटाळलेलो आहे. पण झोन मध्यवर्ती असला म्हणजे प्रत्येक नोंद माणसानंच हातानं करायला हवी असं कुठे आहे? अ‍ॅझ्युअर पॉलिसीनं दोन्ही जमतं. टीमना स्वतःचे प्रायव्हेटलिंक झोन बनवायला मनाई करता येते, आणि कोणीही एंडपॉइंट बनवला की त्याची नोंद आपोआप मध्यवर्ती झोनमध्ये घालता येते. टीम थांबत नाही आणि रजिस्टर एकच राहतं. लिंकचंही तसंच. जो टेम्प्लेट नेटवर्क बनवतो त्यानंच ती जोडावी. घर बांधल्यावर पत्ता वेगळा मागायला लागू नये.

आणि शेवटचं, अगदी फुकटातलं. बदल केल्यावर फक्त आपलं नाव विचारून थांबू नका, शेजाऱ्यांची चार नावंही विचारून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी ते केलं असतं तर शुक्रवारी जेवण पूर्ण झालं असतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबीच्या नावाची नोंद त्यांच्याच स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषामुळे रिकामी झाली आणि जगभरातल्या कितीतरी सेवा आडव्या झाल्या. नाव गेलं की मागे यंत्र धडधाकट असून उपयोग नाही. त्यांच्या अहवालात दोष यंत्रणेचा म्हणून मांडला होता, कोणा आठ महिन्यांच्या नोकरदाराचा म्हणून नाही. हे मला आवडलं.

असो. काल संध्याकाळी मी मेल लिहिली. ‘मानवी चूक’ काढून तिथे ‘नव्या नेटवर्कला झोन जोडण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती’ असं लिहावं, आणि बदल मी तपासला होता हेही नोंदवावं. साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारीच बोलायला हवं होतं, हे मात्र खरं.

तुमच्याकडे हे रजिस्टर कोणाच्या ताब्यात असतं? सोमवारी ऑफिसात गेलात की एकदा विचारून बघा. उत्तर म्हणून दोन टीम एकमेकींकडे बघायला लागल्या, तर समजा तुमचाही एखादा शुक्रवार येतोय. :)