चोराचा पगार कोण देतं?

अमेरिकेत सायकल चोरीला गेली की भोवतालचे लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुलूप कुठलं होतं?" पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी सायकल गेली तेव्हा मलाही सगळ्यांनी हेच विचारलं. यू-लॉक होतं म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "कशातून अडकवलं होतं?" म्हणजे ज्याची गेली त्याचीच उलटतपासणी! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. ती सायकल आता कुणी विकत घेतली असेल, हे मात्र एकानेही विचारलं नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

देशातल्या मंडळींना आधी हेच पटत नाही की अमेरिकेत कुणी सायकल चोरतं. चोरतात हो, भरपूर! स्टँडला कुलपात नुसतं पुढचं चाक उरलंय आणि बाकीची सायकल गायब, हे दृश्य इथल्या विद्यापीठांच्या गावात नवं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये १९६७ साली या देशातल्या पहिल्या सायकल-लेन आखल्या गेल्या. सायकलींचं गाव म्हणून त्याचं नाव, पण चोरी तिथेही चुकलेली नाही.

आता कुलपाबद्दल, इंजिनिअर म्हणून. कुलूप चोरी थांबवत नाही, फक्त चोराचा वेळ खातं. बारीक केबलचं कुलूप बोल्ट कटरने काही सेकंदांत तुटतं. यू-लॉक बरंच बरं, पण त्याचीही एक गोष्ट आहे. सप्टेंबर २००४ मध्ये क्रिप्टोनाइट या नावाजलेल्या कंपनीची गोल किल्लीची कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे इंटरनेटवर सगळ्या जगाने पाहिलं. कंपनीला लाखो कुलपं बदलून द्यावी लागली. त्या किल्ल्या गेल्या, पण आता चोराच्या पाठपिशवीत बॅटरीवर चालणारा ग्राइंडर असतो. शेल्डन ब्राउन हा मॅसॅच्युसेट्समधला सायकलवेडा मेकॅनिक (२००८ साली वारला) सांगायचा, की लहान यू-लॉक फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, मागच्या चाकाच्या रिममधून घालून खांबाला लावा. कुलूपबंद चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, म्हणजे चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात. उत्तम युक्ती! जरूर वापरा. पण त्याने चोर शेजारच्या सायकलीकडे वळतो, एवढंच. त्याचा धंदा चालूच राहतो.

कारण चोराला सायकल नको असते, पैसे हवे असतात. आणि ते देणारा गिऱ्हाईक असतो, तुमच्याआमच्यासारखा. 'वायर्ड' मासिकात २०२४ साली ब्रायन हान्सवर एक मोठा लेख आला होता. पश्चिम किनाऱ्यावर चोरलेल्या महागड्या सायकली मेक्सिकोच्या हलिस्को राज्यातून फेसबुक-इन्स्टाग्रामवर विकल्या जात होत्या, आणि या माणसाने त्यांचा माग काढला होता. एवढी यंत्रणा उभी राहते, कारण पलीकडे घेणारे आहेत.

आणि आता आपल्या मुलांबद्दल बोलतो, राग आला तरी चालेल. ऑगस्टमध्ये नवी बॅच येते. "दीडशेची सायकल तीस डॉलरला मिळाली, कुठून ते विचारू नकोस," हे वाक्य मी शुद्ध मराठीत आणि कौतुकाने बोललेलं अनेकदा ऐकलंय. घरी कुणाच्या पेन्सिलीला हात न लावणारी ही मुलं! "विद्यार्थ्याकडे पैसे कुठे असतात?" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. अहो, पण ज्याची गेली तोही बहुधा विद्यार्थीच असतो, नाहीतर रात्री बस बंद झाल्यावर हॉटेलातली भांडी घासून घरी जाणारा कामगार. श्रीमंताची गाडी गॅरेजमध्ये असते, रस्त्यावर सायकल असते ती गरजवंताची.

स्वस्त आणि स्वच्छ सायकल मिळत नाही असंही नाही. मे महिन्यात डिग्री संपवून जाणारी मुलं सायकली जवळजवळ फुकट देऊन जातात. काही विद्यापीठं बेवारस सायकलींचा लिलाव करतात, डेव्हिसच्या विद्यापीठाचा तर प्रसिद्धच आहे. थोडं थांबावं लागतं, एवढंच.

कायदाही ऐका. कॅलिफोर्नियात चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणं हा गुन्हा आहे (दंडसंहितेचं कलम ४९६). आणि ठाऊक नसलं तरी चोराकडून मालकी मिळत नाही. खरा मालक सापडला की सायकल त्याची, तुमचे पैसे बुडाले. व्हिसावर असलेल्या मुलाने पोलिसांशी असली ओळख का करून घ्यावी?

आपल्याकडे एकेकाळी सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा. इथेही काही गावांत परवाना सक्तीचा होता. कॅलिफोर्नियात २०२३ पासून अशी सक्ती करायला गावांना बंदी आहे, कारण तिचा जाच गरीब सायकलवाल्यांनाच व्हायचा. बंदी योग्यच, पण मग नोंद करणं आणि नोंद तपासणं आपल्यावर आलं. २०१३ साली सुरू झालेल्या बाइक इंडेक्सवर दोन्ही गोष्टी फुकट होतात.

तेव्हा जुनी सायकल घेताना पैसे काढण्याआधी ती उलटी करा. पॅडलचे दांडे जिथे बसतात त्या नळीखाली बहुतेक सायकलींचा नंबर कोरलेला असतो. तो बाइक इंडेक्सवर शोधा. नंबर खरवडलेला असेल तर चालू लागा. विकणाऱ्याला विचारा, कधी घेतली, कुलपाची किल्ली कुठेय, सीट एवढी उंच कुणासाठी केली होती? खऱ्या मालकाला आपल्या सायकलबद्दल दहा तक्रारी सांगता येतात, चोराला एकही येत नाही. सायकल घेतलीत की तिचा फोटो काढा, नंबर लिहून ठेवा, नोंद करा.

आणि तुमचा मुलगा किंवा मुलगी यंदा इकडे येत असेल, तर लोणच्याच्या बरणीबरोबर हेही बांधून द्या: तीस डॉलरची सायकल दिसली तर आधी विचार, ही कुणाची?