बागुलबुवाचे दुकान

दिवाळीच्या अंकात बंदुकीचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, हा लेख बंदुकीपेक्षा बाजारावर अधिक आहे. आणि बाजाराचा विषय दिवाळीत नाही काढायचा तर केव्हा काढायचा? सणाच्या तोंडावर ‘यंदा साखर मिळणार नाही हं!’ एवढे कोणी कुजबुजले की काय होते, हे घरोघरच्या गृहिणींना मी सांगायला नको. दोन किलो नेणारी बाई पाच किलो नेते, आणि संध्याकाळी साखर खरोखरच संपते. आवई खोटी असते, पण तिने केलेली टंचाई खरी असते.

अमेरिकेत हाच खेळ कित्येक वर्षे काडतुसांवर चालला आहे. माझा आरोप स्पष्ट आहे. बंदुकांवर बंदी येणार या भीतीने त्या देशात बंदुकांचा जेवढा खप वाढविला, तेवढा कोणत्याही जाहिरातीने वाढविला नसेल. ही भीती विकणारे आणि तिला फुकट खतपाणी घालणारे, असे दोघेही या पापाचे धनी आहेत.

पुरावा पाहा. परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्याची माहिती तपासण्याची केंद्रीय व्यवस्था तेथे १९९८ च्या नोव्हेंबरपासून आहे. तपासणी म्हणजे विक्री नव्हे, हे मान्य. पण वारा कोणीकडे वाहतो ते त्यावरून कळते. २००८ च्या नोव्हेंबरात ओबामा निवडून आले, आणि त्या महिन्यात पंधरा लाखांवर तपासण्या झाल्या. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधील सँडी हूक शाळेत एका माथेफिरूने वीस कोवळी मुले आणि सहा मोठी माणसे मारली. देश हळहळला, कायद्याची भाषा सुरू झाली, आणि त्या एका महिन्यात तपासण्यांचा आकडा सत्तावीस लाखांच्या पुढे गेला! कायद्याचे काय झाले? १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटात तपासण्यांची व्याप्ती वाढविणाऱ्या साध्या तरतुदीला साठ मतांची गरज होती, मिळाली चोपन्न. न्यूयॉर्क, कनेटिकट यांसारख्या काही राज्यांनी आपापले कायदे केले; पण साऱ्या देशाला लागू होईल असा कायदा झालाच नाही.

यातली मौज काडतुसांच्या बाबतीत अधिक दिसते. ‘पॉइंट टू-टू’ हे तेथील सर्वांत लहान आणि स्वस्त काडतूस. पोरे त्याने नेमबाजी शिकतात, शेतकरी खारी-ससे मारतात. त्याच्यावर बंदी घालावी असे कोणीही म्हणत नव्हते. तरी तेच दुकानांतून नाहीसे झाले, आणि पुढे दोन वर्षे नीट मिळेना! दुकानदारांनी माणशी एक-दोन खोके अशी मर्यादा घातली. मग सकाळी रांगेत उभे राहून खोके घ्यायचे आणि दुपारी दुप्पट भावाने विकायचे, हा धंदाच होऊन बसला. आपण ज्याला काळाबाजार म्हणतो तोच हा. फक्त तेथे तो उजेडात चालतो.

कोणी विचारील, मागणी वाढली तर कारखानदार माल का वाढवीत नाही? कारण कारखानदार आपल्या गिऱ्हाइकापेक्षा शहाणा आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी एक चिमुकली टोपी असते. ती बनविणारे मोठे कारखाने त्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तिन्ही पाळ्या चालविल्या तरी त्यांच्या उत्पादनाला सीमा आहे. नवा कारखाना उभारायला वर्षे लागतात आणि भीती ओसरायला महिने. मग उद्या ओस पडणारा कारखाना आज कोण बांधील? तो आहे तेवढेच यंत्र पळवितो आणि भाव चढू देतो. २०२० साली महामारी, दंगली आणि निवडणूक ही तिन्ही भये एकदम आली, तेव्हा वर्षाच्या तपासण्या चार कोटींच्या घरात गेल्या; आणि वीस सेंटांच्या आसपास मिळणारी पिस्तुलाची गोळी पुढल्या वर्षाच्या आरंभी साठ सेंटांच्याही वर गेली.

आपल्याकडे पाडव्याला व्यापारी वह्यांचे पूजन करतात. या धंद्याच्या वह्या कोणी उघडून पाहाव्यात! ८ नोव्हेंबर २०१६ रोजी बंदूकवाल्यांचे मित्र ट्रम्प निवडून आले. धंद्यात दिवाळी व्हायला हवी होती. झाले उलटेच. दुसऱ्याच दिवशी स्मिथ अँड वेसन आणि स्टर्म रुगर या दोन बड्या कंपन्यांचे शेअर दहा टक्क्यांहून अधिक घसरले. भीतीच संपली, मग घाईने घेणार कोण? कर्जात बुडालेल्या रेमिंग्टन कंपनीने २०१८ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीचा आसरा घेतला. मित्र सत्तेवर आला की धंदा बसतो आणि शत्रू आला की उठतो, असा हा अजब व्यापार!

आपण हसण्याचे कारण नाही. त्याच ८ नोव्हेंबरच्या रात्री आपल्याकडे नोटा रद्द झाल्या, आणि तीनच दिवसांनी उत्तरेत मीठ संपल्याची आवई उठली. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात लोकांनी मिठाला किलोमागे दोनशे रुपये मोजले!

आता प्रतिपक्षाचेही ऐकू. ते म्हणतात, आमची भीती निराधार नाही. १९८६ च्या कायद्याने नव्या मशीनगन सामान्य नागरिकांना बंद झाल्या. जुन्या नोंदलेल्या तेवढ्या उरल्या, आणि आज त्यांना हजारो डॉलर पडतात. हे खरे आहे. पण त्यातून मी वेगळा धडा घेतो. ‘आज आहे ते तुमचे, उद्यापासून बंद’ असे म्हणणारा कायदा साठेबाजाला आमंत्रणच देतो. १९९४ ची बंदी अशीच होती. ती येणार म्हणताच भाव पन्नास टक्क्यांवर चढले, कारखानदारांनी भरमसाट माल काढला, आणि बंदी लागू झाल्यावर जुन्या मालाच्या सुकाळाने भाव उतरले. दहा वर्षांनी, २००४ साली, ती बंदीही संपली. याउलट ऑस्ट्रेलिया पाहा. १९९६ च्या एप्रिलात पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेली. बारा दिवसांत निर्णय झाला, आणि सरकारने भरपाई देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. जुन्या मालालाही सूट नाही, मग साठा करून काय करणार?

म्हणून कायदेवाल्यांनाही माझे सांगणे आहे: करायचे तर करा; नुसते शिंग फुंकू नका. तुमच्या प्रत्येक अर्ध्यामुर्ध्या घोषणेने समोरच्या दुकानात रांग लागते.

आणि ती रांग निरुपद्रवी नाही. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. सँडी हूकनंतरच्या पाच महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे तीस लाख बंदुका अधिक विकल्या गेल्या, आणि घरोघर आलेल्या, हाताळल्या गेलेल्या या बंदुकांमुळे अपघाताने सुमारे साठ माणसे अधिक मेली. त्यांत वीसएक मुले होती. शाळेत वीस मुले मेली. आणि त्या मृत्यूंच्या नावाने उठलेल्या भीतीने आणखी तितकीच नेली. ती कोणाच्या वहीत जमा धरायची?

तेव्हा वाचकहो, बागुलबुवा फक्त लहान मुलांना दाखवतात असे समजू नका. ‘उद्या मिळणार नाही’ असे कोणी तुमच्या कानाशी लागला, तर पिशवी उचलण्यापूर्वी एवढेच विचारा, की आज हा माल कोणाच्या कोठारात आहे.