वेबहुक: निरोप नक्की गिटहबचाच आहे का?

गिटहबवर कोड पुश झाला की जेनकिन्सला निरोप जातो, ‘बिल्ड सुरू कर’. हाच वेबहुक. पण पत्ता उघडा असेल तर असा निरोप कोणीही पाठवेल. जेनकिन्सच्या गिट प्लगिनचं तेच झालं होतं. लॉगिन न करता बाहेरचा माणूस बिल्ड सुरू करू शकत होता, वर कोणता कमिट उचलायचा तेही सांगू शकत होता! जुलै २०२२ मध्ये, ४.११.४ आवृत्तीत, टोकन सक्तीचं झालं.

गिटहबच्या वेबहुकमध्ये सिक्रेट दिलं की प्रत्येक निरोपावर एचएमएसी-एसएचए२५६ सही येते. सिक्रेट स्वतः प्रवास करत नाही, आणि मजकुराचं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. म्हणून नुसत्या टोकनपेक्षा मला हे जास्त पटतं. फक्त तो रकाना ऐच्छिक आहे. रिकामा ठेवलात तर सहीच येत नाही, आणि जेनकिन्सकडे तेच सिक्रेट भरलं नसेल तर आलेली सही तपासणार कोण?