शिमल्यात बर्फ, रहिमतपुरात गारा : फरक कशाचा?

पश्चिमी विक्षोभ सक्रिय झाला की शिमल्यात बर्फ पडतो आणि आपल्याकडे रब्बी पिकांवर अवकाळीचे सावट येते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्यातील अनेक जिल्हे झोडपले होते.

उंच ढगात बर्फ सगळीकडेच असतो. दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. रहिमतपुरात पारा ३० अंशांवर असेल, तर शून्य अंशाची पातळी सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. त्यामुळे हलके हिमकण वाटेतच वितळून पाऊस होतो. शिमल्यात ही पातळी जमिनीजवळ उतरते, म्हणून तिथे हिम पडते.

गारेचे तसे नाही. दुपारी तापलेली दमट हवा जोराने वर चढते, गारेला ढगात तोलून धरते आणि तिच्यावर बर्फाचे थर चढतात. जड झालेली गार इतक्या वेगाने पडते, की तिला पूर्ण वितळायला वेळच मिळत नाही. म्हणजे थंडी जास्त तर गारा जास्त, हा समज चुकीचा आहे. कडक ऊन, उकाडा आणि दुपारनंतर उंच वाढणारे काळे ढग, हा खरा इशारा.

हवामान विभागाच्या अंदाजात ‘गारपीट’ शब्द दिसताच :

- पक्व ज्वारी, हरभरा काढून घ्या; गंजी ताडपत्रीने झाका.
- वाळत घातलेली हळद आडोशाला न्या.
- जनावरे गोठ्यात बांधा.
- गारपीट झाल्यास पिकाचे फोटो काढून तलाठी व कृषी सहायकांना लगेच कळवा. शासकीय मदतीसाठी पंचनाम्यात किमान ३३ टक्के नुकसान दिसावे लागते.